तुमचं आणि अहरोनाचं गप्प राहणं

बाबा, तुमचा पांढरा झगा सापडला नाही, हे आधी सांगून टाकते. ट्रंक उपसली, कपाटाचा वरचा कप्पा रिकामा केला, गराजमधली खोकीसुद्धा उघडली. शेवटी दफनाचं बघणाऱ्या मंडळींकडे असतात ते नवे कोरे कपडे तुमच्या अंगावर चढले. अंगरखा, विजार, कमरेचा पट्टा, डोक्याला टोपी, सगळं पांढरं आणि खिसा कुठेच नाही. मी लहान असताना तुम्हीच सांगितलं होतंत की आपल्या यहुदी लोकांत मेलेल्या माणसाला महायाजकाचे कपडे घालतात. सोन्याचे नव्हे, साधे तागाचे. वर्षातून एकदा तो देवासमोर एकटा आत जायचा, तेव्हाचे. ज्याला जन्मभर कोणी विचारलं नाही त्यालाही शेवटी अहरोनाचा, पहिल्या महायाजकाचा मान मिळतो, असं तुम्ही म्हणायचात. ठाण्याला असताना हे ऐकून मला बरं वाटायचं. परवा कबरस्तानात नाही वाटलं. पाऊस पडत होता, जुलैतला, इथल्या ऐन हिवाळ्यातला बोचरा पाऊस, आणि तुम्ही परक्या कपड्यांत होतात.

आता मी माउंट रॉस्किलच्या आपल्या घरात, हॉलमधल्या जमिनीवर गादी टाकून बसले आहे. आरशांवर चादरी टाकल्या आहेत. लोक येतात, बसतात, डबे ठेवून जातात. शेजारची सामोअन बाई केक घेऊन आली आणि तुमच्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "ही वॉज ऑलवेज इन दॅट चेअर, ए?" मी हो म्हटलं. सगळे विचारतात, बाबा कसे होते. मी सांगते, शांत होते. लोक मान डोलावतात, त्यांना ते चांगलं वाटतं. या शांतपणाने मला सहा वर्षं किती छळलं ते त्यांना कसं सांगू?

मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी होती. तुम्ही एकदा राफूचं नाव घ्यावं. माझ्यासमोर, मोठ्याने, एकदा.

तालियाशी मात्र तुम्ही भरपूर बोलायचात. माझी नऊ वर्षांची पोर ही तुमची शेवटची विद्यार्थिनी. रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर रंगीत पेन्सिली पसरून ड्रॉइंगचा तास चालायचा, आणि ड्रॉइंग कसलं, तर दर वेळी अहरोनाच्या कपड्यांचं. निळा झगा, त्याच्या घेराला एक सोन्याची घंटा, एक डाळिंब, पुन्हा घंटा, पुन्हा डाळिंब. छातीवर बारा खड्यांचा ऊरपट. तुम्ही मराठीत सांगायचात, ती इंग्रजीत विचारायची, आणि तुमचं दोघांचं कधी अडलं नाही.

"आजोबा, व्हाय डझ ही नीड बेल्स?"

"आत जाताना आवाज यायला नको? देवाच्या घरात न सांगता घुसायचं नाही. घुसला तर मरेल."

"दॅट्स हीप्स हार्श."

"हार्श आहेच मुळी."

मग तुम्ही तिला ती नावं दाखवायचात. इस्राएलाच्या बारा मुलांची नावं दोनदा कोरलेली असत. एकदा खांद्यांवरच्या दोन खड्यांवर, सहा इकडे, सहा तिकडे, आणि पुन्हा छातीवरच्या बारा खड्यांवर. खांद्यावर जबाबदारी म्हणून, छातीवर माया म्हणून. कपाळावरच्या सोन्याच्या पट्टीनं लोकांच्या चुका आपल्या माथी घ्यायच्या. ते कपडे याजकाला सजवायला नव्हतेच, तुम्ही म्हणायचात. ते अंगावर चढले की आतला माणूस स्वतःचा राहत नाही, सगळ्यांचा होतो. आणि वर्षातून एकदा, अगदी आतल्या खोलीत जाताना सगळं सोनं उतरवायचं. ज्या सोन्याचं वासरू करून लोकांनी पाप केलं, तेच सोनं अंगावर घालून माफी मागायला कसं जायचं? म्हणून पांढरा ताग. तालिया विचारायची, मग पांढऱ्यावर नावं कुठे लिहिणार? तुम्ही म्हणायचात, तिथे लिहावी लागत नाहीत.

शेवटी तुम्ही निळ्या झग्याच्या गळ्याशी यायचात. गळ्याला भक्कम विणलेली किनार काढायचात आणि सांगायचात, ही का, तर झगा फाटू नये म्हणून. महायाजकाचा कपडा फाटता कामा नये. त्याच्या घरात कोणी मेलं तरी. मी सिंकपाशी पाठमोरी असायचे. तेवढं झालं की मी नळ मोठा सोडायचे.

राफाएल, तुमचा धाकटा, माझा भाऊ, आपल्या सगळ्यांच्या आधी या देशात आला. हॉस्पिटलात नर्स होता. पेशंटच्या म्हाताऱ्या बायका त्याला "डार्लिंग" म्हणायच्या आणि तो त्यांना मराठीत उत्तर द्यायचा. शहराच्या टोकाला, फ्लॅट बुशच्या नव्या वस्तीत त्यानं घर घेतलं तेव्हा तिथे फुटपाथसुद्धा नीट झाले नव्हते. आई गेल्यावर तुम्हाला इकडे बोलावून घ्यायचं, हा हट्ट त्याचाच. तुम्ही येऊन पाच महिने झाले होते. रात्रपाळी संपवून सकाळी घरी निघाला आणि ओल्या मोटरवेवर त्याची गाडी उलटली. एकतीस वर्षांचा होता.

कागदपत्रं, तपासण्या यांत वेळ गेला आणि तो आपल्या ताब्यात मिळाला तेव्हा दुसऱ्या दिवशी दरफलनी होती. आपल्या आज्या-पणज्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला दरफलनीच म्हणायच्या, दारं लावून घेण्याचा दिवस. आणि नियम असा, की सात दिवस सुतकात बसायचं, पण मध्ये मोठा सण आला तर सुतक तिथेच संपतं. सणापुढे माणसाचं दुःख चालत नाही. सकाळी राफूला पुरलं. दुपारी आपण जमिनीवर बसून सुतकाची उकडलेली अंडी खाल्ली. दिवस मावळायच्या आत उठून रोज्याआधीचं, दरफलनीच्या उपासाआधीचं जेवण जेवलो. माझ्या भावाच्या वाट्याला एक दुपार आली.

त्या दुपारचंही मला एवढं वाटलं नसतं. वाटलं ते सकाळचं. कबरीपाशी, घरचं माणूस गेलं की आपल्यात करतात तसा, एका वयस्क गृहस्थाने पात्याने माझ्या गळ्याशी कपड्याला छेद दिला आणि मी तो हाताने फाडला. ते तुमच्यापाशी आले. तुम्ही कॉलरवर तळहात ठेवलात आणि म्हणालात, "नको." त्यांना वाटलं तुम्हाला समजलं नाही. त्यांनी पुन्हा हात पुढे केला. तुम्ही म्हणालात, "उद्या मला उभं राहायचं आहे." मुलासाठी बापाने कपडा फाडायचा असतो, त्याला सूट नाही, हे तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

आणि तुम्ही उभे राहिलात. हॉल भाड्याने घेतला होता, आपली मोजकी घरं जमली होती आणि प्रार्थना चालवायला तुमच्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं, हे मला कळत होतं. मी मागे बायकांत बसले होते. महायाजक सोन्याचे कपडे उतरवून पांढरे घालतो, पुन्हा सोन्याचे, पुन्हा पांढरे, प्रत्येक वेळी आंघोळ, ते सगळं तुम्ही म्हटलंत. लोक रडत होते. तुमचा आवाज एकदाही फुटला नाही. प्रार्थनेची शाल डोक्यावरून घेतली होती, पाठ तेवढी दिसत होती, आणि त्या पाठीचा मला राग आला. फार राग आला.

घरी आल्यावर मी म्हटलं, "बाबा, आपण कोकणातले तेल गाळणारे लोक. याजकाचं घराणं आपल्यात एकसुद्धा नाही. तुम्ही महायाजक नाही आहात. तुम्ही ठाण्याच्या शाळेतले रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर आहात."

तुम्ही जोडे काढत होतात. म्हणालात, "काल-आज होतो."

भांडण तिथे सुरू झालं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. तुमचं एकच म्हणणं. अहरोनाचे दोन थोरले मुलगे, नादाब आणि अबीहू, एका दिवशी देवासमोर आगीने गेले. अंगातल्या अंगरख्यांसकट त्यांना उचलून छावणीबाहेर नेलं. अहरोनाला सांगण्यात आलं, केस मोकळे सोडायचे नाहीत, कपडे फाडायचे नाहीत, दाराबाहेर पडायचं नाही. आणि अहरोन गप्प राहिला. हे "गप्प राहिला" तुम्ही असं म्हणायचात की जणू त्यापुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

मी म्हणायचे, त्या बारा खड्यांवर नादाब आणि अबीहूची नावं कुठे होती? तुम्ही म्हणायचात, नव्हती, म्हणूनच. सगळ्यांची नावं छातीवर घेतलेल्या माणसाने आपल्या पोरासाठी कपडा फाडला तर बाकीच्यांची नावं फाटतात. मी म्हणायचे, फाटू देत. तुम्ही म्हणायचात, असं बोलू नये. मी म्हणायचे, तो गप्प राहिला की त्याची वाचाच गेली? देवाचं मानलं म्हणून गप्प बसणं आणि घशातून शब्द न फुटणं, यांत फरक आहे की नाही? यावर तुम्ही "बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं," असं एकदा म्हणालात. तेव्हा मी धागा पकडायला हवा होता असं आता कोणीही म्हणेल, पण तालियाच्या स्विमिंगची वेळ झाली होती आणि तिचे पोहायचे टॉग्ज सापडत नव्हते.

एकदाच मी तुम्हाला खरोखर अडवलं. म्हटलं, बाबा, ती दोन मुलं गेली तेव्हा अहरोनाची आणखी दोन मुलं तिथेच उभी होती. एलाजार आणि इथामार. त्यांचे भाऊ गेले होते. त्यांनाही सांगितलं, रडायचं नाही, फाडायचं नाही. शास्त्रात त्यांच्याविषयी कोणी काही विचारतं का? बापाने त्यांच्याकडे नुसतं वळून तरी पाहिलं का?

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, आता. मग तुम्ही म्हणालात, "चहा टाकू?"

हॉस्पिटलातले शेवटचे दिवस वाईट होते. तुमच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं आणि मी त्याच इमारतीत खाली फार्मसीत तुमच्याच औषधांच्या बाटल्या हाताळत होते. पाठीमागे नाड्या बांधायचा तो गाऊन तुम्हाला घातला होता. तुम्ही दोन्ही हातांनी मागची बाजू धरून बाथरूमकडे निघालात आणि म्हणालात, "देवाने अहरोनाला आधी चड्डी दिली, मग बाकीचं. लाज झाकली नाही तर मरशील म्हणाला. तुमच्या लोकांना हे कोणी सांगत नाही वाटतं." मी हसले, तुम्हीही हसलात, खोकला येईपर्यंत. ती दोन मिनिटं माझ्याजवळ आहेत. त्यांच्यासाठी मी तुमचे उपकार मानते, खरंच मानते.

त्याच संध्याकाळी मी विचारलं, "बाबा, राफूची आठवण येते का हो?"

तुम्ही पांघरूण वर ओढून घेतलंत. मग विचारलंत, "तुझी ड्यूटी संपली ना?"

"संपली."

"मग घरी जा, सियोना. तालिया वाट बघत असेल."

मी गेले. सकाळी वॉर्डातून फोन आला.

एलायजाकाका काल येऊन बसले होते. ओटाहुहूहून दोन बस बदलून, मांडीवर बिरड्याच्या भाजीचा डबा घेऊन. आपल्यातले तेच एक जुने, मेलेल्या पुरुषांना आंघोळ घालून कपडे चढवायला जातात. तुम्हालाही त्यांनीच न्हाऊ घातलं. मी सहज म्हटलं, काका, बाबांचा झगा मिळाला असता तर बरं झालं असतं. पेणच्या शिंप्याकडून शिवून घेतलेला, दर दरफलनीला घालायचे, आणि मेल्यावर हाच घाला म्हणून आईला बजावून ठेवलं होतं. गेली काही वर्षं घालत नव्हते, अंगाला होत नाही म्हणायचे. पण टाकलेला नसणार.

काका माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, तो राफूच्या अंगावर गेला ना. तुला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हतं. पुरुषांना पुरुष न्हाऊ घालतात, बायकांना तिथे काही कळत नाही. काका सांगत होते आणि मी ऐकत होते.

"आमचं सगळं रेडी होतं. नवीन कपडे, पॅकेटमधले. आणि हे दारात उभे, हातात पिशवी. आम्ही म्हटलं, मास्तर, बापाने इथे यायचं नसतं, तुम्ही बाहेर बसा. ऐकलं नाही. पिशवीतून आपला झगा काढला. मी म्हटलं, अहो, हा तुमचा आहे, तुम्हाला लागेल. तर मानेनेच नाही म्हणाले. त्याचा हात उचलून बाहीत घातला, मग दुसरा. लहान पोराला शाळेत जायला कपडे घालतात ना, तसं. मग पट्टा. आता पट्ट्याला गाठ मारायची नसते, नुसता पिळा द्यायचा, हे मला शिकवलं कोणी? यांनीच. आणि त्या दिवशी हेच पुन्हा पुन्हा गाठ मारत होते. मी सोडायचो, की ते परत मारायचे. शेवटी मी त्यांचे हात धरले आणि दोघांनी मिळून पिळा दिला."

मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी दरफलनीला त्यांनी काय घातलं होतं?

"माझा पांढरा शर्ट," काका म्हणाले. "ढगळ झाला होता त्यांना."

झाला होता, बाबा. मनगटावर बाह्या लोंबत होत्या, मी पाहिलं होतं. मला वाटलं, तुम्ही एका दिवसात आक्रसलात. शालीखाली झगा नाही हे मला दिसलं नाही आणि तुम्ही दाखवलं नाहीत.

राफू गेल्यापासून, शनिवारच्या शास्त्रवाचनात अहरोनाच्या मरणाचा भाग दर वर्षी आला की तुम्हाला सर्दी व्हायची. एरवी एकही शनिवार चुकवायचा नाहीत, त्या आठवड्यात मात्र घशाला कोमट पाणी आणि पांघरूण. आता मला कळतं. मोशे आपल्या भावाला, अहरोनाला, डोंगरावर घेऊन जातो, एकेक करून त्याचे कपडे उतरवतो आणि तिथल्या तिथे एलाजाराच्या, त्याच्या मुलाच्या अंगावर चढवतो. आपले कपडे घालून उभा असलेला मुलगा बघत बाप डोळे मिटतो. याहून चांगलं मरण नाही, असं आपल्यात सांगतात. तुम्ही तेच केलंत, पण उभा राहायला मुलगा नव्हता. त्यानंतर तो भाग मोठ्याने वाचणं तुम्हाला कसं जमणार होतं? कबरीपाशी त्या गृहस्थाला फाडायला तुमच्यापाशी काही उरलं होतं का?

तरीही मी तुम्हाला सोडणार नाही. माझा राग अजून आहे. तुम्ही त्या खोलीतून बाहेर आलात आणि मी व्हरांड्यात बाकावर बसले होते. रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवलीत आणि म्हणालात, चल. त्याला झगा घातला, एवढे तीन शब्द बोलला असतात तर मी तुमच्या गळ्यात पडून रडले असते, आणि सहा वर्षं अहरोनावरून भांडलो नसतो. तुम्हाला वाटलं असेल, आपण फुटलो तर ही पण फुटेल. मी फुटलेच होते हो. शेजारी उभ्या असलेल्या पोराकडे अहरोनाने पाहायला हवं होतं. हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही. तुम्ही थोर होतात असं लोक सांगताहेत आणि मी ऐकून घेते आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर तुम्ही माझ्या भावाला स्वतःच्या हातांनी कपडे घातलेत, आणि मला त्यातलं काहीच दिलं नाहीत. दोन्ही खरं आहे.

तालिया आज सकाळी माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "मम, डिड आजोबा हॅव अ सन?" बाबा, तिला माहीतच नव्हतं. राफू गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती, आणि पुढे या घरात ते नाव कोणी घेतलं नाही. तुम्ही घेत नव्हतात म्हणून मीही घेत नव्हते. मी तिला सांगितलं. तो तिला उचलून छताला हात लावायला लावायचा, ते सांगितलं. इकडच्या जँडल्स, रबरी सपाता, घालून ठाण्याला एका लग्नाला गेला होता आणि आईने त्याला दारातूनच परत पाठवला होता, ते सांगितलं. ती हसली. मी रडले, मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल इतकं.

तुमच्या सात दिवसांत कुठलाही सण आड येत नाही, मी बघून ठेवलं आहे. पूर्ण सात दिवस मिळताहेत तुम्हाला. त्यातला आजचा दिवस मी काढून घेतला आहे. असं करता येत नाही, सुतक असं वाटून देता येत नाही, हे मला कोणी सांगायला नको. पण मघाशी एक बाई आल्या आणि त्यांनी विचारलं, बाबा कसे होते. मी म्हटलं, आज माझा भाऊ गेला आहे, राफाएल, त्याच्याविषयी विचारा. त्या गोंधळल्या, पण बसल्या. शेजारी गादीवर मी एक जागा रिकामी ठेवली आहे. आज मी त्याच्यासाठी बसले आहे, बाबा. तुम्हीही बसा.